आपले खरे

बेबीताई जिथे उभी राहते तिथली रांग आपोआप सरळ होते. खमरियाच्या फॅक्टरीच्या फाटकाबाहेरच्या गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. रेशनच्या दुकानात कुणी मधे घुसलं तर ती आरडाओरडा करत नाही. नुसती विचारते, "काहून भैया, घरी भात उतू जाऊन राहिला काय?" आणि घुसणारा मुकाट मागे जातो. वरुडकडच्या खेड्यातून लग्न होऊन ती जबलपूरला आली तेव्हा तिला हिंदी येत नव्हती. खरं सांगायचं तर अजूनही येत नाही. पण समोरच्याला पत्ता लागू न देता ती हिंदीत भांडू शकते, आणि या शहरात तेवढ्यावर भागतं.

धंदा फॉल-पिकोचा. फॅक्टरीच्या क्वार्टरांतल्या बायका नव्या साड्या आणून टाकतात, आणि साडीबरोबर आपापल्या घरातल्या भानगडीही. साडी परत जाते, भानगड बेबीताईकडेच राहते. नवरा अंबादास ओमतीच्या एका कापडाच्या दुकानात उभा राहून म्हातारा झाला. थान उलगडायचं, मान कलती करायची आणि म्हणायचं, "दीदी, ये रंग आप पर खूब खिलेगा." आयुष्यभर तो हिंदीत गोड खोटं बोलला आणि घरी येऊन मराठीत गप्प बसला. उभं राहून राहून गुडघे गेले. त्यावर दुकानाशेजारचा औषधवाला एक गोळी द्यायचा. ती तो रोज चहाबरोबर घ्यायचा, बिस्किटासारखी.

मग त्याचे पाय सुजले. आधी संध्याकाळी, मग सकाळीही. तोंड फुगलं, जेवण सुटलं, चार पावलांत धाप लागू लागली. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि तो एकदम सभ्य झाला. डॉक्टर सभ्य झाला की घाबरावं, एवढं बेबीताईला कळत होतं.

"अम्मा, इनको किडनी वाले डॉक्टर को दिखाओ. जल्दी. देर की तो डायलिसिस पर आ जाएँगे. आयुष्मान कार्ड है ना? तो कोई कार्ड वाला ढूँढ लो."

ढूँढ लो! जसं काही किडनीचा डॉक्टर म्हणजे देवळाबाहेर हरवलेली चप्पल.

कार्ड होतं. देवघरात, कुलदेवतेच्या टाकामागे, प्लास्टिकच्या पिशवीत. त्यावरचा अंबादासचा फोटो नुकताच पोलिसांनी पकडून आणल्यासारखा होता. बेबीताईनं ते काढलं, पदरानं पुसलं आणि कमरेला खोचलं. पण निघण्याआधी अंबादासनं अट घातली. लग्नापासून त्यानं कशालाही अट घातलेली नव्हती. त्यामुळे ती दारातच थांबली.

"डॉक्टर मराठी पाह्यजे," तो म्हणाला.

"अजी, जिंदगीभर हिंदीत कापड विकलं ना तुम्ही?"

"कापड विकलं. लघवीचं कसं सांगू?"

साडीचा पोत कुठल्याही भाषेत सांगता येतो. पण रात्री किती वेळा उठतो, उठूनही काय होत नाही, आणि अंधारात बसल्या बसल्या कशाची भीती वाटते, हे माणूस आईशी ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत सांगू शकतो. तिनं कार्ड पुन्हा कमरेला चाचपलं आणि ती बापूसाहेबांकडे निघाली.

बापूसाहेब म्हणजे मराठी मंडळाचे अध्यक्ष. तहहयात. दुसऱ्या कुणी ती खुर्ची मागितली नव्हती आणि त्यांनी सोडली नव्हती. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले, हे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगत; आणि छप्पन साली राज्यं पुन्हा आखताना नागपूर तिकडे गेलं नि आपण इकडे राहिलो, हे पुढच्या पाच मिनिटांत. ही आखणी कुणीतरी मुद्दाम, त्यांच्या घरावर डोळा ठेवून केली असावी, असा त्यांचा सूर असे. त्यांचं मराठी इतकं शुद्ध की ऐकणाऱ्याला पाठ ताठ करून बसावं लागे. दर दोन वाक्यांनंतर ते भुवई उचलून विचारत, "ध्यानात आलं?"

"यांचे पाय सुजून राहिले बापूसाहेब," बेबीताई म्हणाली. "किडनीचा डॉक्टर पाह्यजे. कार्ड चालणारा. अन् मराठी."

"'सुजून राहिले' नव्हे, 'सुजत आहेत'. आणि किडनी काय म्हणता? मूत्रपिंड म्हणा. ध्यानात आलं?"

व्याकरणानं सूज उतरत असती तर अंबादास घरी बसल्या जागी उड्या मारू लागला असता. बेबीताई ओठ दाबून बसली, कारण गरज तिची होती.

"अहो, आपले खरे आहेत ना!" बापूसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "नेपियर टाउनात. केवढी पाटी आहे! खरे म्हणजे मूळचे कोकणातले. या घराण्याला मी ओळखतो. मी आजच फोन करून ठेवतो. आपला माणूस आपल्याला टाकत नाही."

आतल्या दारात सुहासिनीबाई, बापूसाहेबांची बायको, चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या काहीतरी बोलायला गेल्या आणि नवऱ्याकडे बघून थांबल्या. चहात साखर घालायची राहिली होती, हे बेबीताईला पहिल्या घोटाला कळलं.

नेपियर टाउनातलं ते हॉस्पिटल काचेचं होतं. दारावर पाटी: 'आयुष्मान कार्ड मान्य है'. बेबीताईनं ती दोनदा वाचली आणि अंबादासला ऑटोतून हात धरून उतरवलं. घरून निघताना तिनं डब्यात करंज्या घेतल्या होत्या. आपल्या माणसाकडे रिकाम्या हातानं कसं जायचं?

डॉक्टर खरे गोरेपान, चष्मेवाले, हसरे. अगदी कोकणातले दिसत होते. बेबीताईनं नमस्कार केला, करंज्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "आम्ही आपल्यापैकीच." डॉक्टरांनी हसून मान हलवली. झालं, अंबादासचा बांध फुटला. आयुष्यात कधी बोलला नव्हता इतकं तो बोलला. लघवीला फेस येतो ते सांगितलं, रात्रीचं सांगितलं, अंगाला खाज सुटते ते सांगितलं. बाप असाच सुजून गेला होता, आणि आपल्याला त्याचा चेहरा आरशात दिसून राहिला, हेही सांगितलं. हे त्यानं बेबीताईलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिनं डोळ्याला पदर लावला. डॉक्टर सगळा वेळ मान डोलावत होते.

अंबादास थांबला. डॉक्टर शेजारी उभ्या कंपाउंडरकडे वळले आणि म्हणाले, "नथ्थू, ये क्या कह रहे हैं?"

डोळ्याला लावलेला पदर खाली आला. मग बेबीताईनंच विचारलं, "आप मराठी नहीं?"

"जी नहीं, हम तो कायस्थ हैं. कटनी के." डॉक्टर दिलखुलास हसले. "आपके बहुत लोग आते हैं इसी धोखे में. ये गुजिया है क्या?"

त्यात त्यांचा काय दोष? आडनाव त्यांनी काही बेबीताईला फसवायला घेतलेलं नव्हतं. या मुलुखात खरे मराठीही असतात आणि हिंदी बोलणारे कायस्थही, हे जबलपुरात जन्म काढलेल्या कुणालाही ठाऊक असायला हवं. विशेषतः ज्याला घराणी ओळखता येतात त्याला. अंबादासनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. नागडं करून बाजारात उभं केलेल्या माणसासारखा तो बसला होता. बेबीताईला त्या क्षणी रडूही आलं आणि बापूसाहेबांचं शुद्ध मराठी त्यांच्याच घशात कोंबावंसंही वाटलं.

काउंटरवर कार्डाचं काम बघणारा एक टायवाला होता. "कार्ड चलता है?" तिनं विचारलं.

"बिलकुल चलता है, माताजी! भर्ती कर लेते हैं. पथरी का ऑपरेशन हो जाएगा, सब कार्ड पर."

"पर इनको पथरी नहीं है."

"अरे, भर्ती तो होइए. निकल आएगी."

नसलेला मुतखडा काढायला निघालेल्या त्या माणसाकडे बेबीताईनं पाहिलं. आत जाऊन करंज्यांचा डबा उचलला, झाकण लावलं आणि नवऱ्याला घेऊन बाहेर पडली.

बापूसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते जराही ओशाळले नाहीत. ओशाळायला माणसाला आधी चूक दिसावी लागते. "असं? मग हे खरे वेगळे असतील. असो. आपले जोशी आहेत." जोशी अल्मोड्याचे पहाडी निघाले. "आपले पाठक?" पाठक रीवाचे निघाले, शिवाय ते कानाचे डॉक्टर होते. बापूसाहेब घरी बसून आडनावं फेकत होते आणि अंबादास सुजलेल्या पायांनी ती गोळा करत फिरत होता. एकाही ठिकाणी बापूसाहेबांचा फोन आधी पोचलेला नव्हता. बाकी पाट्या होत्या, काचा होत्या, आणि सगळीकडे कार्ड 'चलता' होतं; फक्त ते चालायला आधी माणूस आडवा पडावा लागत होता. नुसतं दाखवायचं, विचारायचं, हे वाचेल ना एवढं ऐकायचं, तर ते कुठेच चालत नव्हतं.

एका सकाळी अंबादास चहाचा कप हातात घेऊन बसला आणि कप तसाच हातात धरून झोपी गेला. बेबीताईनं हलवलं तेव्हा त्यानं डोळे उघडले, पण तिला ओळखायला त्याला वेळ लागला. ती फार घाबरली. रांगा सरळ करणाऱ्या बाईनं त्या दिवशी मशिनचं झाकणच उघडलं नाही.

ती पुन्हा बापूसाहेबांकडे गेली, या वेळी भांडायला. पण बापूसाहेब पूजेत होते. ती ओट्यावर थांबली. तोच सुहासिनीबाई लगबगीनं बाहेर आल्या, हातात घडी केलेली साडी. "फॉल लावायचाय," त्या मोठ्यानं म्हणाल्या, आतपर्यंत ऐकू जाईल इतक्या. साडी हातात देताना मात्र त्यांनी बेबीताईचं मनगट घट्ट धरलं.

"ओमतीच्या पुढे लहानसं हॉस्पिटल आहे, पिवळ्या रंगाचं. तिथे डॉक्टर तिवारी बसतात. बाई आहेत. किडनीच्याच. डायलिसिस कार्डावर करतात, कुणाला उगाच आडवं पाडत नाहीत. आजच न्या. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका."

"तिवारी?" बेबीताईचा चेहरा पडला. "म्हणजे हिंदीच."

सुहासिनीबाई तोवर आत वळल्या होत्या. साडीला फॉल आधीच लावलेला होता.

पिवळ्या हॉस्पिटलात काच नव्हती. बाकडी होती, आणि बाकड्यांवर कार्डवाली माणसं. डॉक्टर तिवारी चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, केस कसेतरी वर बांधलेल्या. अंबादास पुन्हा तोंड उघडणार नव्हता. त्यानं दुकानातलं हिंदी काढलं. "जी, थोड़ी सूजन है, बाकी सब बढ़िया." जसा काही तो स्वतःलाच विकत होता. डॉक्टर खाली वाकल्या आणि त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो तसाच राहिला.

"माय वो," अंबादास कळवळला.

डॉक्टरांनी मान वर केली. "दुखतंय का, काका? कधीपासून आहे ही सूज?"

अंबादास बघतच राहिला. त्याचा विश्वास बसेना. एकदा पोळला होता ना! त्यानं बेबीताईकडे पाहिलं, बेबीताईनं डॉक्टरकडे.

"सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "मला सगळं समजतं. लघवीचं आधी सांगा, पुरुष तेच शेवटी सांगतात."

मग त्यानं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते आधीइतकं वाहिलं नाही, अडखळत आलं, पण आलं. बापाचा चेहराही आला. डॉक्टर मधेमधे विचारत होत्या. चहाबरोबरच्या गोळीचं ऐकताच त्यांनी पेन खाली ठेवलं. "रोज? इतकी वर्षं? काका, तुमची किडनी या गोळीनं खाल्ली आहे. आजपासून बंद. मीठ कमी. ध्यानात आलं?"

बेबीताई सावध झाली.

"आणि काकू, खरं ते सांगते. नुसतं दाखवायला कार्ड चालतच नाही, इथेही नाही. जो 'चलता है' म्हणतो, त्यानं तुम्हाला भरती करायचं ठरवलेलं असतं. यांना मात्र आता भरती करावंच लागेल, डायलिसिस लागेल. ते सगळं कार्डावर होईल. पुढे कदाचित कमी करता येईल, कदाचित नाही. खोटं सांगणार नाही. पण आज आलात ते बरं केलंत. आठ दिवसांनी आला असतात तर मी काय सांगितलं असतं मला माहीत नाही. ध्यानात आलं?"

तीच भुवई. तेच शुद्ध, इस्त्रीचं मराठी. जबलपुरात असं मराठी एकाच घरात बोललं जातं. बेबीताईच्या मशिनवर गल्लीतल्या सगळ्या भानगडी येत, पण भोसल्यांच्या चाकरीतल्या घराण्याची भानगड तिच्या गल्लीपर्यंत कधी पोचली नव्हती.

"तुम्हाला कोणी पाठवलं?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं.

"एका बाईनं. नाव सांगू नका म्हणे."

"मग नका सांगू." पेन चालत राहिलं. मग थांबलं. "जिना चढताना त्यांना अजून त्रास होतो का?"

"होते," बेबीताई म्हणाली. "पण ओट्यावर लगबगीनं आल्या."

डॉक्टर खिडकीकडे वळल्या आणि बराच वेळ कसलातरी एक्स-रे उजेडात धरून बघत राहिल्या. तो अंबादासचा नव्हता.

अंबादास वाचला. डायलिसिस लागलं, अजूनही लागतं, पण तो उठून बसला, जेवू लागला, आणि यंत्राशेजारच्या खाटेवरच्या माणसाला "ये चादर आप पर खूब खिलेगी" म्हणण्याइतका सुधारला. हे मंडळात कळलं. वार्षिक स्नेहसंमेलनात बापूसाहेबांनी माइक हातात घेतला. "आपल्या मंडळाच्या मार्गदर्शनामुळे एका गरजू मराठी कुटुंबाला योग्य वैद्यकीय उपचार मिळाले. बेबीताईंनी दोन शब्द बोलावेत." टाळ्या पडल्या.

बेबीताई नुसते आभार मानायला उठली होती. खरोखर. पण 'मार्गदर्शन' हा शब्द तिच्या डोक्यात गेला. तिला काचेच्या खोलीत मान खाली घालून बसलेला अंबादास दिसला. तिनं माइक धरला.

"बापूसाहेबांनी खरे सांगितले, ते कटनीचे निघाले. जोशी अल्मोड्याचे. पाठक रीवाचे, अन् ते कानाचे." हॉल हसला. बापूसाहेबही मोठ्या मनानं हसले. "मग एक डॉक्टरीण भेटली. लय शुद्ध बोलते बाप्पा! इथं तसं एकच जण बोलते. दर दोन वाक्यांनी 'ध्यानात आलं?' म्हणते."

आता कुणी हसलं नाही. जुनी मंडळी खाली बघू लागली. त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं. अध्यक्षांच्या मुलीनं कुणा तिवारीशी लग्न केलं त्या दिवसापासून ते नाव या हॉलमध्ये घ्यायचं नाही, एवढी शिस्त मंडळानं चोख पाळली होती. माणूस मेला तरी चालेल, शिस्त मोडायची नाही. खरे नसलेले खरे सगळ्यांनी सुचवू दिले होते.

"डॉक्टर विनता तिवारी," बेबीताई म्हणाली.

बापूसाहेबांनी माइक हातात घेतला. आवाज त्यांनी सवयीनं सांभाळला. "तिवारी म्हणजे... आपल्यातल्या नव्हेत."

"मी कुठं म्हटलं आपल्यातली हाय म्हणून? मी म्हटलं, तिनं माह्या नवऱ्याले वाचवलं."

पहिल्या रांगेत खुर्ची सरकली. सुहासिनीबाई उभ्या राहिल्या होत्या. आजवर मंडळात त्या फक्त औक्षण करायला उभ्या राहत.

"माझ्यातली आहे," त्या म्हणाल्या. "मीच पाठवलं होतं यांना." आणि खाली बसल्या.

बापूसाहेब म्हणाले, "असो," आणि आभारप्रदर्शनाकडे वळले. पण कुणाचे आभार मानायचे ते त्यांना आठवेना. शेवटी त्यांनी मंडपवाल्याचे मानले.

बाहेर अंबादास ऑटोत बसून होता. बेबीताई पायऱ्या उतरत होती, तोच मागून चपलांचा आवाज आला. बापूसाहेब होते, एकटे. माइक नसला की त्यांचा आवाज बराच लहान होता.

"बेबीताई," ते म्हणाले. मग शाल सारखी केली. "तिथे... म्हणजे त्या पिवळ्या इमारतीत... भेटायचं झालं तर काय करावं लागतं? कार्ड वगैरे?"

ती पिवळी आहे हे या हॉलमध्ये कुणीच बोललं नव्हतं. बेबीताईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस त्या दारावरून जाऊन आला होता, एकदा नाही, कितीदातरी, आणि आत शिरला नव्हता. तिला त्यांची कीव आली. पण राग काही गेला नाही.

"तुम्हाले कार्ड नाही लागत," ती म्हणाली. "काउंटरवर फक्त डॉक्टरचं नाव सांगा लागते. पुरं नाव, आडनावासकट. ध्यानात आलं?"

ती ऑटोत बसली. बापूसाहेब पायरीवर तसेच उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

"काय करून राहिले ते?" अंबादासनं विचारलं.

"पाठ करून राहिले," बेबीताई म्हणाली. "चलो भैया."